पुऱ्या कोयत्याची उचल

पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराला चिकटून जी वाडी आहे, तिथं बी.ए. झालेल्या मुली दोनच. एकीचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. दुसरी सत्यशीला. ती बी.ए. झाल्यावर दोन हंगाम ऊस तोडायला गेली, आणि याचं वाडीत कुणाला नवल वाटलं नाही.

जावं लागलं, कारण तिचे वडील सहादेव ट्रकवर मोळ्या रचताना पडले आणि कमरेतून गेले. ऊसतोडीत एकट्या माणसाला किंमत नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. हंगामाआधी मुकादम जी आगाऊ रक्कम हातावर ठेवतो तिला उचल म्हणतात. पुऱ्या कोयत्याला ती लाखाच्या घरात जाते, अर्ध्याला निम्मी. हत्यार एक आणि माणसं दोन, असा हा उफराटा हिशेब ज्यानं शोधून काढला त्याच्या अंथरुणात सात जन्म उसाचं पाचट निघो. सहादेव खाटेला खिळले, आई रंगुबाई त्यांच्या उठण्याबसण्याला अडकली, तेव्हा धाकट्या अजिनाथबरोबर दुसरी म्हणून सत्यशीला उभी राहिली. बहीण-भावाचा कोयता चालतो. मुकादमाला मोळी बांधणारे हात हवे असतात, नातं कुठलंही असो.

वडिलांची भरपाई मागत ती या कचेरीतून त्या कचेरीत फिरली. सगळीकडं माणसं गोड बोलली. "ताई, हे आमच्याकडं येत नाही." मग कुणाकडं येतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एका टेबलापुढं ती चिडून म्हणाली, "कोणतं काम कोणाकडं येतं, हे कुठं शिकवतात तरी?" तिथला एक पिकल्या केसांचा कारकून हसला. "लोकप्रशासनात एम.ए. करा, तिथं शिकवतात." त्यानं थट्टा केली होती. हिनं ती मनावर घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात नगरच्या एका कॉलेजात प्रवेशाचं नक्की करून आली.

पाट्यांवर आता अहिल्यानगर असलं तरी एसटीचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो, आणि नगरला राहायचं म्हणजे खोली आली, खानावळ आली. सरकारी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. शिष्यवृत्ती होती, पण ती वर्ष सरल्यावर खात्यात यायची, आणि खानावळवाली बाई वर्ष सरेपर्यंत काही थांबत नाही. राहता राहिला सूर्यभान मुकादम.

सूर्यभान आवाज चढवणारा माणूस नव्हता. शिव्या देणाऱ्या मुकादमापेक्षा असल्या मुकादमाला जास्त भ्यावं. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला, सहादेवांच्या कमरेची चौकशी केली, आणि सत्यशीलेचं कौतुकही केलं.

"शिकू द्या की पोरीला. आपल्या वाडीची पोरगी सायब झाली तर माझं काय दुखतंय व्हय? पन आबा, हिनं हात काढला की कोयता अर्धा. अर्ध्या कोयत्यात एम.ए. हुत न्हाई."

"मग कसं करायचं?" रंगुबाईनं विचारलं.

"अजिनाथचे दोनाचे चार करा. दोन हात तुमच्या घरात येतील, हिचे दोन नगरला जातील. पुऱ्या कोयत्याची उचल मी आजच देतो. माझ्या टोळीतल्या कल्यानची पोरगी जया हाय. कामाला वाघीन."

अजिनाथ दाराशी उभा होता. तो लाजला, आणि थोडा खूशही झाला. बावीस वर्षांचा पोरगा, कोरडवाहू घरचा. त्याला पोरगी कोण देणार होतं?

"किती वर्षांची हाय ती?" सत्यशीलेनं विचारलं.

सूर्यभाननं तिच्याकडं शांतपणे पाहिलं. "उसातल्या पोरीला वय नसतं, उंची असती. मोळी डोक्यावर जाती का न्हाई, तेवडं बगायचं."

सहादेव भिंतीकडं तोंड करून पडून होते. रंगुबाई म्हणाली, "मला चौदावं होतं. मी मेले का?" रंगुबाई मेली नव्हती हे खरं. तिची पहिली दोन लेकरं मात्र उसाच्या फडातच गेली होती, आणि त्या दोघांना ती या बोलण्यात धरत नव्हती. सत्यशीलेला हे ठाऊक होतं, तरी त्याच आठवड्यात उचलीतून तिनं फी भरली.

कॉलेज सुरू झालं आणि ती खरंच रमली. दोन हंगाम कोयता धरलेला हात पेनावर भरभर चालेना, पण डोकं चालत होतं. कुठलं काम कुणाचं, कुणी कुणाला जाब द्यायचा, कायदा कागदावरून गावात कसा उतरतो, हे सगळं ती भुकेल्या माणसानं भाकरी खावी तसं वाचत होती. दसऱ्याच्या आधी एके दिवशी सर गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांविषयी बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. तोच तिथला प्रतिबंधक अधिकारी." बाकीच्यांनी लिहून घेतलं. सत्यशीलेचा पेन थांबला. हे काम कुणाकडं येतं, हे जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

जया नववीत आहे, हे तिला एव्हाना कळलं होतं. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

ग्रामसेवकाचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये होता. कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली उभी राहून तिनं तो लावला. एक रिंग गेली. दुसरी गेली. तेवढ्या वेळात तिला खोली दिसली, खानावळ दिसली, दोन हंगामांत हातावर पडलेले उसाच्या पात्याचे ओरखडे दिसले, आणि तिनं फोन कट केला. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "मिस कॉल होता तुमचा. काही काम होतं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "चुकून लागला."

लग्नाला पंचांग पाहिलं नाही. कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार एवढं पाहिलं आणि त्याआधीचा दिवस धरला. वऱ्हाड म्हणजे टोळीच. हळद लावलेली जया हातभर उंचीनं मोठी दिसत होती आणि चेहऱ्यानं पोर. सगळ्या घरात तिला सत्यशीलेचंच अप्रूप. "ताई, तुमी खरंच एम.ए. करताय? आमच्या शाळंतल्या बाईंचं बी एम.ए. न्हाई." ती सत्यशीलेच्या मागं मागं फिरत राहिली. सत्यशीला तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती, आणि ते त्या पोरीच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रक भरला. भांडी, सरपण, ज्वारीचं पोतं, त्यावर माणसं. जया सगळ्यांत वर बसून हात हलवत होती. रंगुबाई ट्रक दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, "अजून नीट अंगानं भरली बी न्हाई गं." हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, बाई. पण बैल गेला आणि झोपा केला, ही आपली जुनीच रीत.

टोळी कोल्हापूरकडं गेली. दर रविवारी जया फोन करायची. सुरुवातीला हसायची, नदी किती मोठी आहे ते सांगायची, सत्यशीलेनं आठवड्यात काय वाचलं ते विचारायची. संक्रांतीच्या सुमाराला म्हणाली, "ताई, दिस गेल्यात मला." आवाजात आनंद होता की भीती, ते सत्यशीलेला समजेना. तिनं अजिनाथला फोनवर घेतलं. "अजिनाथ, तिला दवाखान्यात दाखव. मोळी उचलू देऊ नको."

"दाखवलं असतं गं. पन खाडा झाला की सूर्यभान दंड लावतो. आन ती उचलती अजून मोळी, काय झालं न्हाई तिला."

मग फोन आखूड होत गेले. एकदा जया म्हणाली, पायातली जोडवी रुतायला लागलीत, सूज आलीय. एकदा म्हणाली, डोकं लई दुखतं. मार्चात म्हणाली, "ताई, मदीच डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. उन्हानं आसंल न्हाई का?" सत्यशीला त्या वेळी वाचनालयाच्या पायरीवर बसली होती. ती "व्हय, उन्हानंच आसंल" असं म्हणाली, आणि तिला स्वतःचीच किळस आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पहिल्या सत्रात ती वर्गात पहिली आली होती, आणि तो निकाल तिनं घरी कळवलाही नव्हता.

एप्रिलात टोळी परतली. सत्यशीला दोन दिवस वाडीला गेली तेव्हा जयाचा चेहरा सुजून टम्म झाला होता, बोटं मिटत नव्हती. आरोग्य केंद्राची आशाताई दोनदा येऊन गेली होती, आणि दोन्ही वेळा सून माहेरी गेल्याचं रंगुबाईनं सांगितलं होतं. कारण सूर्यभाननं बजावलं होतं, सरकारी माणसाच्या तोंडी लागू नका, ती वय विचारतात. कायद्यानं पोरगी अठराच्या आत असली की नवरा आत जातो, हे त्याला नीट ठाऊक होतं. लोकप्रशासन त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कुठलं काम कुणाकडं येतं आणि कुणापासून कसं लांब राहायचं, हे त्याला पाठ होतं.

"आई, हिला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं," सत्यशीला म्हणाली.

"आन अजिनाथ तुरुंगात बसू दे? पैल्या खेपेला सुजतंच अंग. तू तुझी परीक्षा बग."

जयाच मधे पडली. "ताई, मी बरी हाय. तुमच्या दुसऱ्या वर्साची उचल बी घेतली आमी, सांगितलं न्हाई का ह्यांनी?" तिनं ते एखादी मेजवानी केल्यासारखं सांगितलं. सत्यशीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नगरला परतली. तिला राहायला हवं होतं. ती राहिली नाही.

मेच्या मध्याला, दुसऱ्या पेपराच्या आदल्या दुपारी सूर्यभानचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. "पोरीला झटके आलेत. पाथर्डीतल्या डॉक्टरनं हात टेकले, नगरला धाडलं. माझ्या जीपमदी घेऊन येतोय, करंजीच्या घाटात हाय. तू दवाखान्याच्या दारात थांब. वय इचारलं की एकोनीस सांगायचं. शिकलेल्या मानसाचं आयकत्यात."

सरकारी दवाखान्याच्या दारात ती उन्हात उभी राहिली. जीप आली. मागच्या बाकावर रंगुबाईच्या मांडीवर जयाचं डोकं, ओठाच्या कडेला रक्त. झटक्यात जीभ चावली गेली होती. तिला स्ट्रेचरवर घेतलं तसा अजिनाथ तिच्या चपला हातात धरून मागं मागं धावू लागला. त्या चपला घेऊन आपण काय करतोय, हे त्याचं त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "कितवा महिना? आधी कुठं दाखवलंय? वय काय हिचं?"

"एकोनीस," रंगुबाई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी जयाच्या मनगटाकडं पाहिलं, मग सत्यशीलेकडं. "तुम्ही सांगा. खरं सांगा. मला हिला आणि बाळाला वाचवायचंय, आणि मला कुणी खोटं सांगितलेलं चालणार नाही."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. सूर्यभान दाराच्या चौकटीला टेकून उभा. अजिनाथनं मान वर केली. हा तिच्याबरोबर दोन हंगाम एकाच पाचटाच्या कोपीत राहिलेला भाऊ, ताप आला की तिच्या वाटणीची सरी तोडणारा. एका शब्दानं तो जाणार होता. आणि हाच शब्द ती आश्विनात लिंबाखाली बोलली असती तर कुणीच गेलं नसतं. फक्त तिची खोली गेली असती.

"सोळावं," सत्यशीला म्हणाली. "सतरावं अजून लागायचंय. मला लग्नाआधीपासून माहीत होतं."

डॉक्टरबाईंनी नर्सला इंजेक्शन सांगितलं, ऑपरेशनची तयारी सांगितली, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, पोलीस चौकीला कळवा. रंगुबाईनं सत्यशीलेच्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा उगारलेला हात तिनं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला आणि खाली बसली. सूर्यभान केव्हा बाहेर गेला ते दिसलं नाही, जीप सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. अजिनाथ पळाला नाही. चपला घेऊन तिथंच उभा राहिला.

इंजेक्शन लागू पडल्यावर जयानं डोळे उघडले. नजर ठरत नव्हती, पण तिनं सत्यशीलेला ओळखलं.

"ताई, पोलीस म्हनली न्हवं ती? ह्यांना नेत्याल का?"

"व्हय," सत्यशीला म्हणाली. आता खोटं बोलायचं तिच्यात बळ उरलं नव्हतं.

जया जड जिभेनं शब्द जुळवत राहिली. "म्हंजी कोयता मोडला." मग कपाळाला आठ्या घालून, "मग ताई, तुमच्या दुसऱ्या वर्साचं कसं करायचं?"

सत्यशीलेनं तिचा सुजलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला. नर्सनं तो सोडवून घेतला आणि स्ट्रेचर आत नेलं.