कोपराचा अंदाज

जयनगरच्या आमच्या घराच्या खिडक्या पुसायला निपाणीकडचे एक अण्णा यायचे. नाव कधी विचारलंच नाही. थंडीत ते बादलीभर ऊन पाणी मागायचे. आधी काचेला तळहात लावायचे, मग बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं पाण्यात कोपर बुडवायचे.

"स्वल्प निवू दे, अक्का. गार काच एकदम तडकते."

मग निवांत पायरीवर बसायचे. मी आत चरफडत असायची.

शेवटच्या खेपेला त्यांनी कोपर बुडवलं, तसंच ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही बघता का जरा? मला कळंना झालंय."

मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. त्यांचं कोपर लाल झालं होतं.

"स्वल्प निवू दे, अण्णा," मी म्हणाले, आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.