पासिंगच्या कागदावरचं कुंकू

सत्तरच्या दशकात मी दौंड-शिरूरकडच्या ट्रकवाल्यांचे विमे उतरवायचो. किस्से गोळा करायला गेलो नव्हतो हो! पण ही मंडळी चहाला बसवायची आणि कागद शोधता शोधता एकेक किस्सा पदरात टाकायची.

पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला धड आहे का, याची सरकारी तपासणी. शिरूरला पासिंगच्या दिवशी एकाच्याच गाडीचे नवे टायर रांगेतल्या सगळ्या गाड्यांना आळीपाळीने लागायचे. एकदा दुपारी तपासणीचे साहेब टायरवर हात ठेवून म्हणाले, "याला मी सकाळपासून तिसऱ्यांदा पास करतोय!"

* * *

एका हंगामात ऊस कारखान्यावर पोचला पाहिजे म्हणून पासिंगला मुदतवाढ मिळाली. वडगाव रासाईच्या एका मामांना वाटलं, विम्यालाही मिळाली! मी घामाघूम होत सायकलवर गेलो, दोन्ही कागद वेगळे म्हणून घसा कोरडा केला.

मामा शांतपणे म्हणाले, "सरकारला गाडीचा भरवसा हाय, आन् तुम्हालाच न्हाई व्हय?"

फॉर्म मात्र मी तिथंच भरून घेतला.

* * *

पाटसच्या आप्पांचा एकच ट्रक, त्यावरच सगळं घर. पासिंगला तीस दिवसांची मुदतवाढ मिळालेली आणि ट्रक कालव्यात आडवा झाला. आप्पांना खरचटलंही नाही. पण अपघात त्या तीस दिवसांत झाला असेल तरच क्लेम, नाहीतर ट्रक भंगारात.

नुकसान तपासायला विम्याचे सर्व्हेअर साहेब आले. आप्पांनी मुदतवाढीचा कागद देवघरातून आणला. मुदत सुरू झाली त्याच दिवशी कागद हातात आला होता, आणि तेव्हापासून आप्पांच्या घरच्या काकू रोज पूजेत त्याला कुंकवाचा एक टिळा लावायच्या. पहिलाच टिळा नेमका तारखेवर! तारीख गडप. नक्कल मागवावी तर हंगाम संपून गेला असता.

शेवटचा टिळा कधी लावला, असं साहेबांनी विचारलं. अपघाताच्या दिवशी सकाळी, काकू म्हणाल्या. नंतर त्या कागदाचा रागच आला त्यांना. साहेब टिळे मोजायला लागले. एकोणतीस भरले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पर मधी म्या केडगावला म्हायेरी गेलते. तवा लावला न्हाई."

आप्पांनी डोळेच मिटले. बाईला खोटं बोलता येत नव्हतं, काय करणार!

साहेबांचं पेन थांबलं. "किती दिवस?"

"आठ दिस ऱ्हाणार व्हते. पर येकच टिळा हुकला. दुसऱ्याच दिशी ह्ये न्यायाला आलं."

साहेबांनी आप्पांकडे एकदा बघितलं आणि तीस लिहिलं. साठीचे आप्पा टोपी सारखी करत बाहेर निघून गेले.