गंजी, समुद्र आणि मामूंचा अबोला

आमच्याकडे संक्रांत गेली की माणसं आगीला जपून वागू लागतात. सेनगावकडच्या माळावरचं गवत तोवर वाळून कडकडीत झालेलं असतं आणि शेताशेतात कडब्याच्या गंज्या उभ्या असतात. या दिवसांत कुणी बिडी ओढत रस्त्यानं चाललं, तर शेतातली बाई लांबूनच म्हणते, "इझवून दाखवा, मग फुडं जा." पाहुणा असला तरी सुट्टी नाही. कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्या तोडून ठेवायच्या, टाकी भरलेली ठेवायची आणि दुपारी वारं सुटलं की जेवतानाही एक डोळा माळाकडे ठेवायचा. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की शेजारणीनं चूल पेटवली तरी माझी बायको आधी वास घेते.

धुरा म्हणजे शेताचा बांध. त्याच्यावरचं वाळलं गवत आम्ही जाळून टाकतो. ते जाळायचं सकाळी दंव असताना, आणि शेवटचा धूर निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी एका वर्षी मी धुरा भर दुपारी पेटवला. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, काम उद्यावर टाकायचा कंटाळा आला. पेटवला आणि झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलो. जेवण होईस्तोवर वारं फिरलं आणि शेजारच्या शेतातली गंजी पेटली.

शेजारचं शेत मामूंचं. अख्खं गाव त्यांना मामू म्हणतं. सेनगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान, पण जीव सगळा रानात. गाव धावलं, डहाळ्यांनी झोडपून आग विझवली. मधलं रान जळून एकसारखं काळं झालं होतं, सुरुवात कुठून झाली ते कळायला मार्ग नव्हता. मामू काळवंडल्या तोंडानं म्हणाले, "लागली तरी कशानं?"

शेतावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. मी वर बघितलं आणि म्हणालो, "तारेची ठिणगी पडली असंल."

झालं. सगळ्यांना ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनला मामूंनी असं झापलं की ऐकायला गर्दी जमली. पुढं कित्येक वर्षं तो दुकानावरून गेला की मामू आतून आवाज द्यायचे, "आले बघा आग लावणारे." वायरमन मान खाली घालून गाडी पुढं काढायचा. दुकानातले हसायचे. मीही हसायचो, हातात मामूंचाच चहा.

त्याहून वाईट म्हणजे तेव्हापासून मामू दरसाल आग अडावी म्हणून स्वतःच्या शेताभोवती ट्रॅक्टरनं नांगरटीची पट्टी मारताना माझ्याही शेताभोवती मारू लागले. "तुमचं रान जळाया नको, भाऊ," म्हणायचे. डिझेलबद्दल विचारलं की रागवायचे.

मी मुळात कमी बोलणारा. त्याचा एक फायदा असतो, माणूस काही लपवून राहिलाय हे लोकांच्या लक्षात येत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस, हरभरा निघाल्यावर, मामूंनी समुद्र बघायची टूम काढली. माझी गाडी, आम्ही दोघं, मामू आणि मामी. मामींनी ज्वारीच्या भाकरींची चळत आणि डबाभर ठेचा बांधून घेतला, कारण कोकणात नुसता भात देतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

दापोलीच्या पुढं घाट उतरताना झाडांतून एकदम निळं दिसलं आणि किनारा येताच मी गाडी थांबवली. मामू चपला काढून पाण्यात गेले, बोट बुडवून चाखलं. "खारट हाय बराबर," परत येऊन म्हणाले. "लोक खरं बोलून राहिले होते."

पुढं रस्ता समुद्राला धरूनच. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला डोंगर. दाभोळला आमची गाडी थेट फेरीबोटीत चढली. मामू काही आत बसेनात. खाली उतरून दाराचा दांडा घट्ट धरून उभे राहिले.

"मामू, गाडी बुडाली तर धरून काय होणार हाय?" बायकोनं विचारलं.

"कुठं गेली ते तर कळंल."

बोटीतले अनोळखी लोकही हसले.

खाडी ओलांडून गुहागरच्या वाटेला लागलो तर सड्यावर धूर. सडा म्हणजे तिथला कातळाचा माळ. अंगावर आमच्या माळासारखंच पिवळं गवत. वणवा वाऱ्याबरोबर खाली काजूच्या बागेकडे सरकत होता आणि एक नवरा-बायको फांद्या घेऊन त्याला झोडपत होते.

"गाडी थांबवा," मामू म्हणाले. थांबायच्या आधीच उतरले.

आम्ही चौघंही लागलो. मामींनी पदर खोचला, हिरवी फांदी मोडली आणि आगीला असं बडवलं की ती जुनी ओळखीची असावी. धूर डोळ्यांत, पायाखाली कातळ तापलेला, खाली समुद्र मजेत चमकत होता. बरीच झटापट झाली, पण बाग वाचली. कडेची थोडी झाडं तेवढी होरपळली. त्या बाईनं आम्हाला सावलीत बसवून कोकम सरबत दिलं. आमची तोंडं बघून मामी हसत सुटल्या, मग सगळेच.

"कोनी लावलान त्ये कदी कळत नाय," बाई म्हणाली. "लावनारा काय फुडं येतो?"

"आमच्याकडं तसं न्हाई," मामू तिला समजावून सांगू लागले. "आमची गंजी जळली होती, पर ती तारेनं. आमची माणसं चांगली हायेत."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"मामू, तार नव्हती. मी होतो. धुरा पेटवून जेवत बसलो होतो."

मामूंनी माझ्याकडं बघितलं. "काहून सांगितलं न्हाई?"

ते उठले आणि गाडीत मागं जाऊन बसले.

तिथून घरापर्यंत मामू माझ्याशी बोलले नाहीत. बोलायचे ते माझ्या बायकोमार्फत. "वैनी, त्यांना सांगा, डावीकडं घ्या." "वैनी, त्यांना म्हणावं, चहाला थांबायचं असंल तर थांबा." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, स्टिअरिंगवर. एका धाब्यावर मामींनी दोघांच्या ताटात ठेचा वाढला आणि म्हणाल्या, "माझ्या घरातल्या म्हशी याच्यापेक्षा बऱ्या." कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण तेवढा हक्क वाटेना.

घर आल्यावर उतरताना मामू म्हणाले, "वैनी, त्यांना सांगा, पहिले वायरमनकडं जा."

वायरमन निवृत्त होऊन वारंगा फाट्याजवळ राहायला गेला होता. दुसऱ्याच दिवशी गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

"आणि तुमी दुकानात बसून हसत होते," तो म्हणाला.

"व्हय."

"मला वाटायचं, माझीच तार ढिली होती. कुणी न सांगता दर उन्हाळ्यात जाऊन ताणून यायचो." मग आत बघून बायकोला म्हणाला, "ऐकलं का? तार चांगली होती."

आतून आवाज आला, "मी तवाच म्हणलं होतं."

त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्यानं खिशातून फोन काढून मामूंना लावला, आणि इतक्या वर्षांत मान खाली घालून जे गिळलं होतं ते सगळं एका दमात परत केलं. पलीकडून मामूंचं हसू मला इथवर ऐकू येत होतं. मधूनच ते "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत होते. वायरमननं पोटभर बोलून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मी कानाला लावला.

"दुकानात चहाला या, भाऊ," मामू म्हणाले. "आणि त्याला घेऊन या."