मले आणि मला

कामिनीबाई डी.एड.ला पुण्यात होत्या, तेव्हा त्यांच्या तोंडून 'मले' निघालं आणि सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर त्या मागच्या बाकावर गप्प बसल्या. त्यानंतर मात्र कुणापुढं गप्प बसल्याचं नागपुरात कुणाला आठवत नाही.

वीस वर्षं त्या वाचताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवतात. यंदा शाळेला टॅब मिळाले. चित्र दिसायचं, खाली ओळ उमटायची, मुलानं ती मोठ्यानं वाचायची. चुकलं की भोंगा. चौथीतल्या रितिकानं 'मला पाणी दे' हे 'मले पानी दे' असं वाचलं. भोंगा वाजला. पुन्हा वाचलं, पुन्हा वाजला. आठवड्यात पोरीनं तोंडच मिटलं.

"या डब्ब्याले माहं बोलनं आवडत नाइ," ती म्हणाली.

बाईंनी भोंगा बंद केला. रितिकाची आई मीराबाई लकडगंजच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायची. तिला सुटीच्या दिवशी बसवून तिच्या आवाजात टॅबमध्ये वाक्यं भरली, तिच्याच घरच्या माठाचा फोटो घातला. शब्दाला बोट लावलं की तो पिवळा व्हायचा आणि मायच्या आवाजात बोलायचा, 'मले पानी दे.' खाली दुसरी ओळ 'मला'ची, बाईंच्या आवाजात. रितिका दोन्हींवर वीसवीसदा बोट फिरवायची.

हे मुख्याध्यापक मारोतरावांच्या कानावर गेलं.

"मॅडम, शाळेत शुद्ध भाषाच चालेल. ते सगळं पुसा. आणि त्या पोरीचं नाव वाचन चाचणीतून काढा, निकाल पडतो."

"नाव निघणार नाही, सर."

तेवढ्यात मारोतरावांचा फोन वाजला. "अवं, येऊन राहिलो ना मी. काहून घाई करून राहिली?"

त्यांनी फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "हेही पुसायचं का?"

मारोतरावांचे कान लाल झाले. "पोरीला बोलवा."

रितिका आली. त्यांनी पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. रितिकानं सवयीनं पहिल्या शब्दाला बोट लावलं आणि वाट पाहिली. कागद बोलला नाही. तिनं बाईंकडं बघितलं. बाई हलल्या नाहीत.

"म... ला. मला." ती थांबली. "सर, इथं काना हाये. मले असतं तं वर मात्रा राहिली असती."

बाकीची ओळ वाचायला तिला चार मिनिटं लागली.

"एका ओळीला एवढा वेळ?"

"लागू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी टॅब सरांच्या टेबलावर ठेवला. "पुसायचं असेल तर तुम्हीच पुसा. माझा हात लागायचा नाही."

रितिकानं हात लांबवून टॅबवरच्या माठाखालच्या शब्दांना बोट लावलं.

'मले पानी दे.'

दारातून धोंडबा शिपाई पेला घेऊन आत आला. "पानी कोनं मांगलं?"