राणी रंगाचे धागे आणि आबांची सही नसलेली कबुली

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी सुरतेत केमिस्ट्रीत एमएस्सी करत होते आणि त्या दिवशी खाडी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या वेळी, गुडघाभर चिखलात उभी होते. प्लास्टिकचा लांब पाइप गाळात ठोकायचा, वरून बूच लावायचं आणि अलगद उपसायचा… हा माझा प्रोजेक्ट.

लॅबमध्ये पाइप उभा चिरला. गाळ थरावर थर बसत जातो, खाली जुना, वर नवा. खालचा होता करडा, स्वच्छ. वरचा वीतभर मात्र काळाकुट्ट, नाक धरावं असा वास, आणि त्यातच एक गुलाबी पट्टा! तो चाळून भिंगाखाली धरला तर पॉलिएस्टरचे बारीक धागे… खाडीतले मासे साड्या नेसतात की काय?

माझे गाइड गुजराती, बोलायला अगदी साखर. पट्टा पाहून शांतपणे म्हणाले, "बेन, उपरनो भाग जवा दो ने." म्हणजे वरचा भाग सोडून द्यायचा आणि रिपोर्टात लिहायचं, वरचा थर ढवळलेला असल्याने विचारात घेतला नाही.

ढवळलेला? फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ होता तो! पण पलसाण्याकडच्या एका प्रोसेस हाऊसचे, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचे, शेठ आमच्या लॅबला नवीन मशीन देणार होते… आलं लक्षात?

आणि त्याच प्रोसेस हाऊसमध्ये माझे वडील, आबा, साड्या रंगवण्याच्या मशीनवर कामाला होते. धुळ्याकडून आलेलो आम्ही, सुरतेतल्या डिंडोलीत राहायचो, आणि अख्खं घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालायचं. म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं. हो, ठरवलंच होतं, आज लिहिताना लाज वाटते.

रविवारी सकाळी धागे चिकटवलेला कागद माझ्या वहीतून खाली पडला. आबांनी उचलला आणि थेट दारात, उन्हात नेला… रंगकामातला माणूस बल्बखाली शेड सांगत नाही. "हाई रानी शे," ते म्हणाले.

राणी कलर! मग आबांनी सांगितलं, एका लग्नसराईत त्या रंगाचा पुरा लॉट बिघडला होता. मॅनेजरने धाग्याबिग्यांसकट टाकी खाडीत सोडायला लावली, आणि वॉल्व्ह फिरवला होता आबांनीच.

कागदावरच्या धाग्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "माले वाटे, दर्या बठ्ठं लई जास…" तिथल्या प्रत्येक कामगाराची हीच समजूत. भरती आली, ओहोटी गेली, की समुद्राने सगळं नेलं.

मग मी सरांचं ते वाक्य सांगितलं. बाप रे, आबा असे भडकले! "मी सोडेल शे ना? मंग तो पट्टा नही कसा?" मी नोकरीची आठवण करून दिली, आई तर रडायलाच लागली. पण ऐकतील तर ते आबा कसले. "लिख तू. मनं नाव टाकीसन लिख."

लिहिलं. पट्टा कुठून आला हे सांगणारा माणूस म्हणून आबांचं नाव टाकलं, ते कुठे काय काम करतात त्यासकट. सर लालेलाल झाले, माझे मार्क कापले गेले, आणि रिपोर्ट कपाटात गेला तो गेलाच.

पण त्यातलं नाव शेठपर्यंत पोहोचलं असणार, कारण पंधरवड्यात आबांना निरोप आला, उद्यापासून येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी! टाकी सोडायला लावणारा मॅनेजर त्याच खुर्चीत बसून होता. आणि आबा पुढची कितीतरी वर्षं कामरेजच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून बसले.

लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी कसला गं राग? अहो, त्या खाडीत कुणी कुणी काय काय सोडलं, सगळ्या गावाला माहीत होतं. पण "मी सोडलं" असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारा मला आजवर एकच माणूस भेटला, आणि नेमकी त्याचीच भाकरी काढून घेतली.

आबा, तुम्ही नसता ना… तर मी खोटं लिहून फर्स्ट क्लासमध्ये पास झाले असते.