पुरावा मागणारा हुकूमशहा

आमच्या घरात हुकूमशाही एकदाच आली. रविवारी सकाळी आली आणि दुपारच्या जेवणाआधी गेली. हुकूमशहा मी होतो.

कारण शैक्षणिक होतं. माझी मुलगी रेवा नवीन जालन्यातल्या एका शाळेत नववीत आहे. इंग्रजीच्या मॅडमनी वर्गाला डिस्टोपियन कादंबरी वाचायला दिली होती. अशा कादंबरीत राज्य भविष्यातलं असतं, सरकार दुष्ट असतं, हसायला बंदी असते आणि घरातलीच माणसं एकमेकांच्या चुगल्या करतात, असं रेवाने जेवताना आम्हाला समजावून सांगितलं.

"मंग त्यात कादंबरी काय हाय?" माझ्या आईने विचारलं.

मॅडमनी प्रकल्पही दिला होता. अशा राजवटीचे नियम तयार करायचे, घरच्यांना घेऊन एक प्रसंग उभा करायचा आणि तो मोबाइलवर चित्रित करून आणायचा. रेवाने नियम लिहिले. मी एका दैनिकाच्या जालना कार्यालयात उपसंपादक आहे. समोर आलेला मजकूर न दुरुस्त करता पुढे पाठवणं मला जमत नाही. (लग्नपत्रिकासुद्धा मी लाल पेन हातात घेऊन वाचतो.) 'तक्रार येताच शिक्षा' या नियमात मी 'पुराव्यासह' हा शब्द घातला.

"बाबा, डिस्टोपियात पुरावा मागत नसतात," रेवा म्हणाली. "तीच तर भीती असते."

"माझ्या पानावर पुराव्याशिवाय ओळ जात नाही."

"हे तुमचं पान नाहीये. माझं राज्य आहे."

मी पुढे आणखी एक कलम जोडलं: पुरावा न देता तक्रार करणाऱ्याने लसूण सोलावा. नियमांचा फलक पुढच्या दारावर लागला.

त्याच सुमारास घरात एक खरी बाब चालू होती. माझा धाकटा भाऊ गजानन बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याच्यासाठी किती स्थळं पाहिली, हे मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. अखेर अंबडची एक मुलगी त्याला आवडली आणि, सर्वांना आश्चर्य वाटेल अशा रीतीने, तिलाही तो आवडला. आता तिचे मामा-मामी आमचं घर पाहून जाणार होते. अंतिम शब्द मामींचा, असा निरोप होता. त्यांनी पुढचा रविवार दिला होता.

आमच्या भागात असे पाहुणे एक दिवस देतात आणि त्याआधीच, न सांगता येतात. घर जसं आहे तसं दिसावं, हा हेतू. ही रीत मला ठाऊक होती. (बहिणीच्या लग्नाआधी मी स्वतः असाच गेलो होतो.) तरीही त्याआधीच्या रविवारी मी डोक्याला आईची शाल गुंडाळून, खुर्चीवर पाट ठेवून, त्यावर बसलो होतो.

चित्रीकरण सुरू झालं. आईला चुगलीखोराची भूमिका होती. तिने ती जीव ओतून केली.

"सरकार, सूनबाईनं मला न इचारता दही कढीत घातलं."

"पुरावा?"

"पुरावा कसला? कढी तर तूच खाल्ली."

"म्हणजे पुरावा उरलेला नाही. लसूण सोला."

माझी बायको सुनंदा लसणाची परडी घेऊन तत्परतेने हजर झाली. गजानन हसला. हसण्याला बंदी असल्याने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तेवढ्यात दारात एक मध्यमवयीन जोडपं आलं. वरच्या भाडेकरूंचे पाहुणे 'पकडलेले नागरिक' म्हणून येणार आहेत, हे रेवाने सांगितलेलंच होतं.

"परवानगीशिवाय आत कसे आलात?" मी दरडावलं.

"दार उघडं व्हतं," पुरुष म्हणाले.

"कुठून आलात?"

"अंबडहून. बसनं."

"हेतू?"

"गजाननरावांना बघायला आल्तो."

"तो शिक्षा भोगतोय. बघा."

दोघांनी गजाननच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचा अभिनय इतका सहज होता की मला कौतुक वाटलं. गजाननची पाठ मात्र ताठ झाली. शिक्षा झालेल्याने बोलायचं नाही, हे कलमही माझंच.

मी बाईंकडे वळलो. "घरातल्या कुणाविरुद्ध तक्रार?"

"हाय ना. हे माझ्या भावाच्या लग्नात रुसून गाडीत बसल्ते. जेवले बी न्हाईत."

"पुरावा?"

"व्हिडिओ हाय."

"अगं, आपण कशाला आलो, तू काय सांगून राह्यली," पुरुष म्हणाले.

"ते इचारून राह्यलेत न मला. आजवर कुणी इचारलं का?"

मी त्या गृहस्थांना दोषी ठरवलं आणि आईशेजारी लसूण सोलायला बसवलं. ते बसले. एवढ्यात दारात आणखी एक जोडपं उभं राहिलं.

"आम्हाला पकडायचंय ना? साडी नेसण्यात उशीर झाला."

गजानन भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "दादा, ते मामा हायेत."

मी शाल काढली. पाटावरून उतरताना पाट माझ्यासोबत उतरला. मामा सोललेली पाकळी हातात घेऊन बसले होते; ती कुठे ठेवावी, हे त्यांना कळत नव्हतं. सुनंदा पोह्यांकडे पळाली. गजाननचं लग्न माझ्या एका कलमाने मोडलं, याबद्दल मला शंका उरली नाही.

मामी दारावरचा फलक सावकाश वाचत होत्या. मग आईला लसणाचं कारण विचारून त्या आत सुनंदाकडे गेल्या. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"सासूबाईंनी तुमची तक्रार केल्ती म्हणं?"

"हो. दह्याची."

"अन् शिक्षा सासूबाईंना?"

"पुरावा नव्हता."

मामी बाहेर आल्या. "पोरगी इथंच द्यायची," त्या म्हणाल्या. "ज्या घरी सासूला पुरावा मागत्यात, असं घर मी तरी बघितलं न्हाई."

"हे नाटक हाय, बाई," आई कळवळून म्हणाली.

"असू द्या. फलक काढू नका."

लग्न झालं. फलक अजून दारावर आहे. रेवाच्या प्रकल्पावर मॅडमनी शेरा दिला: 'नियम न्याय्य आहेत. त्यामुळे भीती वाटत नाही. हुकूमशहा अजिबात विश्वसनीय नाही.' हा शेरा पक्षपाती आहे, असं मी रात्री जेवताना सर्वांना सांगितलं.

"पुरावा, दादा?" गजाननच्या बायकोने विचारलं आणि परडी माझ्यापुढे सरकवली.