थांबा डॉक्टर

१९५३ सालच्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता, थांबा डॉक्टरांनी भर उजेडात दवाखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या.

हे नाव त्यांना पाचूबंदरच्या कोळणींनी दिले होते. ताप असो वा पोटदुखी, डॉक्टरांचा पहिला शब्द ‘थांबा’. नीट पाहिल्याखेरीज ते औषध देत नसत आणि पाहिल्यावरही बहुधा देत नसत. “थांबा डॉक्टरकडं गेलं तं दुखनंच कंटालून जातं,” असे कोळणी म्हणत. हे त्यांच्या कानी गेले होते. “जाते ना? मग झाले,” एवढेच ते म्हणाले.

त्या सकाळी माझी तीन वर्षांची मुलगी जनी हिला आम्ही खोकल्यासाठी नेले होते. मी शाळामास्तर, माझे वडील होडीचे तांडेल. जनी त्यांच्या कडेवर होती. दिव्यासमोर तिचा डावा डोळा पांढरा चमके. घरात कोणी ते दुखणे मानले नव्हते. वडिलांना तर अभिमान होता. “राती पान्यात मासली चमकते, तशी नजर हाय पोरीची. दर्यानं दिलेली,” असे ते बंदरावर सांगत.

डॉक्टरांनी अंधारात बॅटरीचा झोत त्या डोळ्यावर टाकला. पुन्हा टाकला. खोकल्याचे नाव काढले नाही. मग त्यांनी सर्व खिडक्या उघडल्या आणि वडिलांना तिचा उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितले. आम्ही प्रसाद म्हणून आणलेल्या नारळाचा तुकडा त्यांनी तिच्यापुढे धरला.

“जने, घे.”

जनीचा हात भलतीकडेच गेला.

“आजा, खिडकी उघड ना,” ती म्हणाली.

वडिलांनी हात काढला. “चमकतं,” ते पुटपुटले, “पन दिसत नाय.”

“आत गाठ आहे. कर्करोग. लहान मुलांत क्वचितच होतो, पण झाला की डोळ्यातून मेंदूकडे चालू लागतो. आजच मुंबईला जायचे. डोळा काढावा लागेल.”

“नि नाय काढला तं?”

“पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहायला ही नसेल.”

वडील उसळले. “जलमभर थांबा म्हनलात, नि माज्याच नातीवर घाई?”

“तांडेल, जाळे खडकात अडकले नि होडी कलंडू लागली, तर किती थांबता?”

वडील जनीला खांद्यावर घेऊन मला म्हणाले, “चल मास्तर. गाडी चुकंल.”

दवाखाना बंद करून डॉक्टर आमच्याबरोबर आले. मुंबईच्या सर्जनांनी तेच निदान केले. डोळा गेला, जनी राहिली. तिचे मुलगे आज दर्यावर जातात. डॉक्टर वारले तेव्हा मासळीबाजार आपसूक बंद राहिला होता. मी मात्र त्यांचे आभार कधी मानले नाहीत. त्यांना ते आवडले नसते.

जनीला मुंबईला नेले त्या दिवशी मी रुग्णालयातच राहिलो. पुढचे पत्नीने सांगितले. संध्याकाळी डॉक्टर परतले ते स्वतःच्या घरी न जाता आमच्या दारात आले. पाळण्यात जनीचा धाकटा भाऊ होता. हे दुखणे कधी कधी भावंडांतही निघते, एवढेच त्यांनी सांगितले. दिवा बारीक करवला आणि बॅटरीने मुलाचा एक डोळा पाहिला, मग दुसरा. पत्नी त्याला उचलू लागली.

“थांबा,” ते म्हणाले आणि दोन्ही डोळे पुन्हा पाहिले.

“स्वच्छ आहेत.”

मग त्यांनी बॅटरीतले सेल काढून खिशात टाकले आणि दिव्याची वात मोठी केली.